दोन बोटांची धून

पियानोच्या लांब बाकावर दोघे शेजारी बसले आहेत. एकाची बोटे वर्षानुवर्षांच्या सरावाने घडलेली. दुसऱ्याचे पाय अजून जमिनीला टेकतही नाहीत. दोघांनी मिळून एकच रचना वाजवायची, तर थोरल्याने आपली कला आवरून घ्यावी, की धाकट्याने न पेलणारे ओझे उचलावे?

व्हिएन्नातील संगीतकार आणि प्रकाशक आंतोन दियाबेली याने या प्रश्नाचे व्यवहारी उत्तर दिले. त्याच्या १४९ क्रमांकाच्या कृतीत २८ छोट्या रचना आहेत. त्यांत विद्यार्थ्याला केवळ पाच स्वर दिलेले असतात. एकदा ठेवलेला हात जागेवरून हलवावा लागत नाही. खालच्या सप्तकांत शिक्षक साथीचे स्वर भरतो आणि लय सांभाळतो. स्वर पाचच, पण ऐकणाऱ्याला ते उणे भासत नाहीत.

रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे मात्र हा प्रश्न एका मुलीनेच सोडवला. अलेक्झांडर बोरोदिन हे तेथील वैद्यकीय अकादमीत रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. संगीतरचना हा त्यांच्या फावल्या वेळचा उद्योग. त्यांनी सांभाळलेली मुलगी गान्या हिने एकदा त्यांच्याबरोबर पियानो वाजवण्याचा हट्ट धरला, अशी आठवण सांगतात. तुला तर काहीच वाजवता येत नाही, असे त्यांनी म्हणताच तिने दोन्ही हातांचे एकेक बोट पुढे केले आणि मुलांच्या खेळातली एक साधी धून वाजवून दाखवली.

बोरोदिन यांनी ती धून सुधारली नाही. तिला अवघड वळणही दिले नाही. ती आहे तशी ठेवून त्यांनी तिच्याखाली पोल्का नृत्याचा ठेका धरला.

या खेळात पुढे रिम्स्की-कोर्साकोव्ह, क्यूई आणि ल्यादोव्ह हे त्यांचे मित्रही रमले. १८७९ मध्ये त्यांच्या रचनांचा संग्रह प्रसिद्ध झाला. तीच दोन बोटांची धून कधी पोल्कावर, कधी अंत्ययात्रेच्या गंभीर चालीवर, तर कधी मृतात्म्यासाठीच्या प्रार्थनेवर चालते. मूल एकच गोष्ट पुनःपुन्हा वाजवते. बदलते ते सारे थोरल्याच्या हाताखाली. लिस्टसारख्या श्रेष्ठ पियानोवादकालाही हे इतके भावले की दुसऱ्या आवृत्तीसाठी त्याने स्वतःची एक छोटी रचना पाठवली.

अशा सहवादनात थोरल्याची परीक्षा बोटांच्या वेगाने होत नाही. आपला आवाज इतका चढू द्यायचा नाही की लहानग्याची धून बुडून जाईल. त्याचे बोट अडखळले तर थांबायचे, आणि ते पुन्हा चालू लागताच त्याच्याच गतीने निघायचे. गादीवर शेजारी बसलेल्या नातवाला दिवसाची बेरीज करू देणारे आजोबाही हेच करतात. उत्तर त्यांना आधीच ठाऊक असते. तरी ते नातवाच्या हातातली पेन्सिल काढून घेत नाहीत.

गान्याला त्या दिवशी शिकवणी मिळाली नाही. तिला जोडीदार मिळाला. ‘मला येते’ हे तिचे म्हणणे एका थोर संगीतकाराने खरे मानले आणि स्वतःचे काम तेवढे अवघड करून घेतले.