दार उघडले, की उघडे आहे?

जबलपूरच्या मराठी घरांतील मूल तीन भाषांत वाढते. स्वयंपाकघरात मराठी, अंगणाबाहेर हिंदी आणि दप्तरात इंग्रजी. माझ्याकडे इंग्रजी शिकावयास येणाऱ्या मुलांच्या आया मला हटकून विचारतात, "बाई, याचे इंग्रजी सुधारावे म्हणून घरातले मराठी बंद करू का?" माझे उत्तर ठरलेले आहे. मुळीच नको; निदान क्रियापद आणि विशेषण यांचा घोळ सुटेपर्यंत तरी नको!

'द गेट वॉज क्लोज्ड ॲट नाइन' हे वाक्य घ्या. यातील 'क्लोज्ड' क्रियापद की विशेषण? रूप भूतकाळाचे दिसले की मुले डोळे मिटून क्रियापद म्हणतात. अशा वेळी मी वाक्याचे मराठी करावयास सांगते. मग दोन वाक्ये हाती येतात : 'फाटक नऊ वाजता लावण्यात आले' आणि 'नऊ वाजता फाटक बंद होते'. पहिल्यात कोणी तरी येऊन फाटक लावले, कृती घडली. तेथे 'क्लोज्ड' हा क्रियापदाचा भाग. दुसऱ्यात नुसती स्थिती सांगितली आहे. तेथे ते विशेषण. पावणेनऊला पोचलेल्या पाहुण्याला पहिल्या अर्थाने आत जाता येते, दुसऱ्या अर्थाने त्याची खात्री नाही. इंग्रजी शब्द मात्र तेच!

आपली भाषा येथे अधिक उदार आहे. 'दार उघडले', 'उघडलेले दार', 'दार उघडे आहे' अशी तीन निराळी रूपे ती देते. हिंदीत 'दरवाजा खुला' आणि 'खुला दरवाजा' यांत रूप एकच. भेद स्पष्ट करावयाचा तर 'खुला हुआ' म्हणावे. हिंदीचे थोर वैयाकरण कामताप्रसाद गुरू याच जबलपूरचे रहिवासी. त्यांचे 'हिंदी व्याकरण' १९२० मध्ये काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने प्रसिद्ध केले. अर्थात मराठीनेही फार तोरा मिरवू नये. 'मुलगा गेला, मुलगी गेली' असे आपले क्रियापद विशेषणासारखे लिंगानुसार बदलते, कारण त्याचे मूळच संस्कृतातील 'गत' या विशेषणात आहे.

इंग्रजीपुरती एक कसोटी उपयोगी पडते. 'इज' काढून तेथे 'सीम्स' घालून पाहावे. 'द कप सीम्स ब्रोकन' कानाला बरे लागते, म्हणून तेथे विशेषण. 'द चाइल्ड सीम्स स्लीपिंग' खटकते. अर्थात 'द चाइल्ड इज स्लीपिंग' यात क्रियापद. पण नामाच्या आधी बसले की तेच रूप विशेषणाचे काम करते. भेडाघाटचा धुवांधार पाहताना 'द वॉटर इज फॉलिंग' म्हटले तर क्रियापद, 'फॉलिंग वॉटर' म्हटले तर विशेषण. काही पुस्तके 'व्हेरी' लावून पाहा म्हणतात. परंतु फुटका कप 'फार फुटका' कसा असणार?

परवा एका मुलीने 'आय ॲम टायर्ड' हे वाक्य आणले. तिच्या आईनेच आधी मराठीत विचारले, "थकलीस, की थकलेली आहेस?" मुलगी म्हणाली, "थकलेली आहे." आणि तिने वहीत विशेषण लिहिले.