गप्प का राहिलीस?

टेक्ससमध्ये समुपदेशकाचा परवाना हवा असेल तर पुण्यातल्या एम.ए. मानसशास्त्रावर भागत नाही. इथे ६० क्रेडिटची मास्टर्स लागते, त्यात किमान ३०० तासांचं प्रात्यक्षिक. मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळत मी ते पुन्हा केलं, बोटांचे ठसेही दिले. कागद जमवायला चिकाटी लागते, अक्कल फारशी लागत नाही, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

एनसीई किंवा एनसीएमएचसीई, यांपैकी एक परीक्षा द्यावी लागते. मी दुसरी निवडली, कारण व्याख्या पाठ करून तिच्यात निभाव लागत नाही. अकरा केसेस, पावणेचार तास. आधी माणसाची माहिती, मग एकेका सेशनचा वृत्तांत, आणि टप्प्याटप्प्यावर प्रश्न: आता काय कराल? पर्याय बरेचदा सगळेच शहाणपणाचे वाटतात. आधी कोणतं, हे ठरवायचं असतं. झोप उडालेली बाई ‘आता कशातच अर्थ उरला नाही’ म्हणते, तेव्हा तिच्या बालपणात शिरायचं नसतं. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारायचं असतं.

राज्याच्या कायद्याची परीक्षा वेगळी. ती सगळे किरकोळीत काढतात; मला तीच सर्वांत उपयोगी वाटली. प्रोसेनजित पोद्दार या भारतीय विद्यार्थ्याने १९६९ साली बर्कलीत तात्याना तारासॉफचा खून केला. तसा इरादा त्याने आपल्या मानसशास्त्रज्ञाला आधी बोलून दाखवला होता. धोक्यात असलेल्या माणसाच्या रक्षणाची जबाबदारी उपचार करणाऱ्यावरही येते, असं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरवलं. हे प्रकरण आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली, थापर विरुद्ध झेझुल्का खटल्यात, त्या माणसाला सावध करण्याचं असं कर्तव्य मानायला नकार दिला. इथे डॉक्टरांना किंवा पोलिसांना कळवण्याची मुभा आहे; त्या माणसाला परस्पर फोन करण्याची नाही. राज्याची हद्द ओलांडली की बरोबर उत्तर बदलतं, आणि ते रात्री अकरा वाजता पुस्तक न उघडता आठवावं लागतं.

एवढं झालं की ‘असोसिएट’ म्हणून परवाना मिळतो आणि ३००० तास सुरू होतात. निम्मे प्रत्यक्ष क्लायंटसमोर; सगळे मिळून किमान दीड वर्ष लागतं. महिन्याला चार तास सुपरवायझरपुढे बसायचं. खरी पारख इथे होते.

माझी सुपरवायझर क्लायंटच्या परवानगीने केलेलं रेकॉर्डिंग ऐकायची. एका सेशनमध्ये एक मुलगा वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलताना मध्येच थांबला. रेकॉर्डिंगवर नुसती एसीची घरघर. तिने तिथेच बटण दाबलं.

“इथे गप्प का राहिलीस?”

“तो काहीतरी जुळवत होता. ओठ हलले होते.”

“आणि बोललाच नसता तर?”

“तर एवढंच म्हटलं असतं, की घाई नाही.”

“घाई त्याला होती की तुला?”

अर्धा तास त्या एका शांततेवर गेला. परीक्षेत चार पर्याय समोर असतात. इथे आपण जे केलं त्याचं कारण आपणच द्यायचं, आणि ते दिलं की त्याच्या मागचं कारण द्यायचं. मला हे परीक्षेपेक्षा कितीतरी कठोर वाटलं, आणि न्याय्यही.

या पद्धतीत खोट नाही असं नाही. सुपरवायझरची फी पुष्कळदा असोसिएटच्याच खिशातून जाते. जिला पैसे द्यायचे तीच तुमच्या तासांवर सही करणार! माझी बाई खमकी निघाली. नुसते तास मोजून सही ठोकणारेही असतात, आणि परवाना दोघांच्या शिष्यांना सारखाच मिळतो.

नागपूरची मावसबहीण म्हणते, “तुमच्या तिकडचं राहू दे गं, इथे कुणाकडे जायचं ते सांग.” भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. समुपदेशक २०२१च्या संबद्ध आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात आले. तरी पाटी पाहून विश्वास टाकू नका. पहिल्या भेटीतच विचारा: शिक्षण कुठे झालं, आणि तुमच्या कामावर सुपरव्हिजन कुणाचं असतं? यात उद्धटपणा काही नाही. दुसऱ्या प्रश्नावर जो कां-कू करेल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.