मेकाँगच्या दोन्ही काठांवर

रविवार, १२ जानेवारी २०२५, बँकॉक

राजवाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा केव या मंदिराभोवती लांबलचक ओवरी आहे. तिच्या भिंतींवर सबंध रामकथा रंगवलेली आहे, एकूण १७८ चित्रे. इथे तिला रामकियेन म्हणतात. चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने १७८२ मध्ये बँकॉकला राजधानी वसवली आणि पुढे दरबारात ही कथा काव्यरूपात लिहवून घेतली. या घराण्यातल्या राजांना पहिला राम, दुसरा राम असेच ओळखतात. सध्याचा राजा दहावा.

आमच्या टूर ग्रुपमध्ये पुण्या-नाशिकची मंडळी जास्त, एक जोडपे नागपूरचे. सगळे थबकले ते मारुतीपाशी. पांढराशुभ्र मारुती भर समुद्रात एका मत्स्यकन्येचा अनुनय करतो आहे. ती सुवर्णमच्छा, रावणाची मुलगी. बापाच्या हुकमावरून सेतूचे दगड पळवायला आलेली. दोघांचे प्रेम जमते आणि माशाचे शेपूट असलेला वानरपुत्र जन्मतो. समर्थांच्या अकरा मारुतींच्या मुलखातून आलेल्यांना हे जडच जाणार. "हा आपला मारुती नाही," नाशिकचे काका ठामपणे म्हणाले. आपल्या मकरध्वजाच्या कथेतही मासोळी आहेच, पण तिथे घामाच्या एका थेंबावर भागते. मला हा मारुती फार आवडला. लढतो, हसतो, प्रेमात पडतो, आणि रामावरची निष्ठा तसूभर ढळू देत नाही.

थायलंडमध्ये परवाना असलेल्या थाई नागरिकालाच गाइड म्हणून काम करता येते. त्यामुळे थाई गाइड इंग्रजीत सांगते आणि आमचा टूर मॅनेजर ते मराठीत आणतो. मुख्य मूर्ती पाचूचा बुद्ध म्हणून प्रसिद्ध आहे, पण दगड पाचूचा नाही. जेडच्या जातीचा हिरवा पाषाण, उंची साधारण ६६ सेंटिमीटर. वर्षातून तीनदा, ऋतू बदलला की, राजा मूर्तीचे वस्त्र बदलतो. सध्या थंडीचे सोन्याचे जाळीदार वस्त्र आहे. मूर्तीचा प्रवास गाइडने हौसेने सांगितला. चियांग रायला वीज पडून एक स्तूप दुभंगला, आत गिलाव्याने मढवलेली मूर्ती सापडली, नाकाचा गिलावा उडाला तेव्हा आतला हिरवा रंग दिसला. मग लांपांग, चियांग माय, लुआंग प्रबांग, व्हिएन्तियान. "आणि तिथून पहिल्या रामाने इथे आणली," असे म्हणून ती पुढच्या दालनाकडे वळली.

सोमवार, १३ जानेवारी, अयुथ्या

अयोध्येचे नाव घेतलेली राजधानी. १३५१ ते १७६७, चारशे वर्षांहून अधिक. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने ती जाळली. शिरे तोडलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगाच्या रांगा आहेत. वाट महाथातमध्ये एक दगडी मस्तक झाडाच्या मुळांत गुंतून राहिले आहे. तिथे फोटो काढायचा तर खाली बसावे लागते, आपले डोके बुद्धाच्या मस्तकाच्या वर जाता कामा नये. आमचे सगळे न सांगता बसले.

काल मूर्तीविषयी भरभर बोलून गेलेली गाइड इथे मात्र तासभर बोलत राहिली. सोने वितळवण्यासाठी मूर्ती कशा जाळल्या, ग्रंथ कसे गेले. अडीचशे वर्षे उलटली तरी तिच्या आवाजात राग होता.

रात्रीच्या गाडीने नोंग खायला निघालो. डब्यात चिवडा आणि मेथीचे ठेपले फिरले.

मंगळवार, १४ जानेवारी, व्हिएन्तियान

सकाळी मेकाँग दिसली. रुंद, मातकट, थंडीच्या कोरड्या दिवसांत उतरलेली, वाळूचे पट्टे वर आलेले. तिच्यावरचा मैत्री पूल ऑस्ट्रेलियाच्या मदतीने बांधला आणि १९९४ मध्ये खुला झाला. थायलंडमध्ये वाहने आपल्यासारखी डावीकडून धावतात, लाओसमध्ये उजवीकडून, म्हणून पुलाच्या लाओ टोकाला वाहने एकमेकांना छेद देऊन बाजू बदलतात. व्हिसा तिथेच मिळाला. नवी बस, नवा गाइड. तिशीतला, अंगाने बारीक, अतिशय हळू बोलणारा. मागे बसलेल्यांना ऐकू येईना, म्हणून मी पुढच्या सीटवर जाऊन बसले.

तो सर्वांत आधी आम्हाला हो फ्रा केवला घेऊन गेला. राजा सेत्थाथिरात याने सोळाव्या शतकात राजधानी व्हिएन्तियानला आणली, तेव्हा पाचूच्या बुद्धासाठी बांधलेले हे मंदिर. १७७९ मध्ये सयामी, म्हणजे थाई, फौजेने शहर घेतले आणि मूर्ती नेली. त्या फौजेचा सेनापती चाओ फ्राया चक्री. तीनच वर्षांनी तो बँकॉकचा पहिला राम झाला. म्हणजे अयुथ्या जळली त्याला जेमतेम बारा वर्षे झाली होती, आणि जळालेल्या घरचेच लोक इथे आले होते.

आज हे मंदिर म्हणजे संग्रहालय आहे. सध्याची इमारतही विसाव्या शतकात फ्रेंचांच्या काळात पुन्हा उभारलेली, कारण जुनी १८२८ मध्ये सयामी सैन्यानेच पाडली. ओसरीत काशाचे उंच बुद्ध उभे आहेत, दोन्ही हात सरळ खाली सोडलेले. ही पाऊस मागण्याची मुद्रा. आत लाओ कुटुंबे येतात, हात जोडतात, जातात. "आम्ही मूर्ती गेली असे म्हणतो, ते आणली असे म्हणतात," गाइड म्हणाला. त्याच्याही आवाजात राग होता, फक्त खालच्या पट्टीतला.

समोर रस्ता ओलांडला की वाट सी साकेत. राजा अनुवोंगने १८१८ मध्ये बांधले. बँकॉकच्या दरबारात ओलीस म्हणून वाढलेला हा राजा १८२६ मध्ये सयामविरुद्ध उठला आणि हरला. शहर बेचिराख झाले, हे मंदिर तेवढे उरले. सयामी धाटणीचे होते म्हणून वाचले असे सांगतात. ओवरीच्या भिंतींत लहान लहान कोनाडे आहेत, प्रत्येकात दोन-दोन मूर्ती, सगळ्या मिळून सहा हजारांहून अधिक. एका कोपऱ्यात युद्धांत फुटलेल्या मूर्तींचा ढीग जाळीआड जपून ठेवलेला आहे. अनुवोंग बँकॉकमध्ये कैदेत मेला. मेकाँगच्या काठावर २०१० मध्ये त्याचा मोठा पुतळा उभारला, तोंड नदीपलीकडे, थायलंडकडे, उजवा हात पुढे केलेला.

त्या लढाईनंतर इथली माणसे हजारोंनी पलीकडच्या काठावर नेऊन वसवली. आज लाओसची लोकसंख्या पाऊण कोटीच्या आसपास आहे, तर थायलंडच्या इसान प्रांतात दोन कोटींहून अधिक लोक राहतात, आणि त्यांतल्या बहुतेकांची घरची बोली लाओच. काल रात्री गाडीतून झोपेत ओलांडला तो हा प्रांत. थाई जेवण म्हणून जगभर गेलेले कच्च्या पपईचे सोम ताम आणि चिकट भात या लोकांचेच.

बुधवार, १५ जानेवारी, व्हिएन्तियान

सकाळी फा थात लुआंगचा सोनेरी स्तूप पाहिला. पातुक्साय कमानही पाहिली. विमानतळासाठी अमेरिकेने दिलेले सिमेंट तिच्यात वापरले गेले, म्हणून गंमतीने तिला उभी धावपट्टी म्हणतात. मग कोप केंद्र, बाँबमुळे हातपाय गमावलेल्यांसाठी काम करणारे.

कार्यक्रमपत्रिकेत याला पाऊण तास होता. आम्ही अडीच तास थांबलो आणि कोणी तक्रार केली नाही.

१९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. विमानांच्या ५ लाख ८० हजार फेऱ्या. हिशेब केला तर नऊ वर्षे, रात्रंदिवस, दर आठ मिनिटांना एक विमान. दरडोई हिशेबाने एवढा बाँबवर्षाव दुसऱ्या कुठल्याच देशावर झालेला नाही. त्यांत क्लस्टर बाँब होते: एक मोठे टरफल हवेत उघडते आणि आतून शेकडो छोटे गोळे विखुरतात. इथे या गोळ्यांना बाँबी म्हणतात. सुमारे २७ कोटी बाँबी पडले, त्यांतले तीस टक्क्यांच्या आसपास फुटलेच नाहीत. ते शेतांत, ओढ्यांत, बांबूच्या बेटांत पडून आहेत. चेंडूएवढे, गोल. मुले उचलतात. शेतकऱ्याच्या कुदळीचा घाव बसतो. भंगार विकून चार पैसे मिळतात म्हणूनही लोक ते शोधत जातात.

केंद्राच्या छतापासून एक टरफल आणि त्यातून सुटलेले बाँबी तारांनी लटकवले आहेत, खाली येता येता थांबल्यासारखे. बाजूला लोकांनी घरीच बनवलेले कृत्रिम पाय आहेत, लाकडाचे, पत्र्याचे, बाँबच्या धातूचे. एकेक पाय पंधरा-वीस वर्षे वापरून झिजलेला. कोप ही संस्था १९९७ पासून या लोकांना नीट बसणारे कृत्रिम हातपाय देते.

क्लस्टर बाँबवर बंदी घालणाऱ्या करारावर २००८ मध्ये ओस्लोत सह्या झाल्या आणि त्यातल्या सदस्य देशांची पहिली बैठक २०१० मध्ये याच शहरात भरली. अमेरिका त्या करारात नाही. भारतही नाही. हे वाचल्यावर मी बराच वेळ त्या फलकापाशी उभी होते. आपण असायला हवे होते, असे मला स्पष्ट वाटते.

नाशिकच्या काकांनी दानपेटीत पैसे टाकले आणि बसमध्ये संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

गुरुवार, १६ जानेवारी

रेल्वेने लुआंग प्रबांग, दोन तासांत. पूर्वी डोंगरातून याच प्रवासात सबंध दिवस जाई. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली ही लाइन चीनच्या सीमेपर्यंत जाते. सत्तर टक्के हिस्सा चिनी, तीस लाओ, आणि कर्ज मोठे. वांग व्हियेंगनंतर एकामागून एक बोगदे, खिडकीतून फार काही दिसत नाही. सामान विमानतळासारखे तपासतात, स्प्रेचे डबे आणि सुऱ्या चालत नाहीत.

शुक्रवार, १७ जानेवारी, लुआंग प्रबांग

पहाटे तक बात. भिक्खू आणि श्रामणेर अनवाणी, ओळीने, न बोलता येतात. गुडघ्यांवर बसलेल्या बाया प्रत्येकाच्या पात्रात चिमूटभर चिकट भात घालतात. ओळीच्या शेवटी टोपल्या घेऊन गरीब मुले बसलेली असतात, भिक्खू आपल्यातले काही त्यांच्या टोपलीत टाकतात. दुपारी बारानंतर भिक्खू जेवत नाहीत.

गाइडने आदल्या रात्रीच बजावले होते: रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला थांबा, खांदे झाका, फ्लॅश बंद, आणि फुटपाथवर विकायला ठेवलेला भात घेऊन दान करू नका. ज्यांनी घरी पहाटे उठून शिजवला आहे त्यांनी द्यावा. आम्ही ऐकले. पण मुख्य रस्त्यावर इतर काही पर्यटक भिक्खूंच्या तोंडासमोर मोबाइल धरून उलट्या पावली चालत होते. एका लहान श्रामणेराने मान आणखी खाली घातली. हे पाहवत नाही. हे शहर १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि त्या यादीमुळेच गर्दी त्याच्या अंगावर येते आहे.

दुपारी जुन्या राजवाड्यात. १९७५ मध्ये राजेशाही संपली, आता ते संग्रहालय आहे. आवारातल्या मंदिरात फ्रा बांगची मूर्ती, जिच्यावरून शहराचे नाव पडले. ८३ सेंटिमीटर उंच, उभी, दोन्ही तळवे पुढे. ही मूर्तीसुद्धा सयामने नेली होती, तीही दोनदा. पहिल्यांदा १७८२ मध्ये परत दिली, दुसऱ्यांदा १८६७ मध्ये. पाचूचा बुद्ध मात्र परत आला नाही. दर एप्रिलमध्ये नववर्षाला फ्रा बांगची मिरवणूक निघते आणि गावातले लोक तिला सुगंधी पाण्याने स्नान घालतात.

संध्याकाळी एका छोट्या विहारात वंदना चालू होती. आम्ही मागे बसलो. थोड्या वेळाने लक्षात आले की नागपूरच्या ताई हलक्या आवाजात बरोबर म्हणत आहेत. पाली त्रिशरण आणि पंचशील. चाल वेगळी, उच्चार थोडे वेगळे, शब्द तेच. त्यांच्या वडिलांनी १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत धम्म स्वीकारला होता. वंदना संपल्यावर एका वृद्ध भिक्खूंनी खुणेनेच विचारले, कुठल्या? ताई म्हणाल्या, "नागपूर, इंडिया." त्यांनी हात जोडले. ताईंचे डोळे भरून आले होते. हॉटेलवर आल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या घरी रोज म्हणतो हो आम्ही. पण इथं कुणी मला काही विचारलं नाही. बसा म्हणाले फक्त."

शनिवार, १८ जानेवारी, लुआंग प्रबांग

एका घरी बासी समारंभ होता. केळीच्या पानांचा शंकू, त्यावर झेंडूची फुले आणि पांढरे सुती दोरे. शरीरात ३२ प्राण असतात, प्रवासात, आजारपणात ते इकडेतिकडे भटकतात, त्यांना परत बोलावून मनगटाशी बांधायचे, अशी ही समजूत. घरातल्या म्हाताऱ्या आजींनी प्रत्येकाच्या मनगटाला दोरा बांधला आणि पुटपुटत आशीर्वाद दिला. दोरा तीन दिवस तोडायचा नाही. भरल्या घरातून निघताना सुवासिनीची ओटी भरतात, तसे वाटले.

जेवायला नदीतल्या शेवाळाचे खायपेन: पातळ थापून, तीळ लावून वाळवलेले आणि तळलेले. पापडासारखे कुरकुरीत. चिकट भात बांबूच्या झाकणाच्या टोपलीत, हाताने लाडू वळून खायचा. ग्रुपसाठी पोळी-भाजीची सोय होती, तरी निम्म्यांनी आज भाताकडे हात वळवला.

रात्री राजवाड्याच्या नाट्यगृहात रामायण. लाओ रामायणाचे नाव फ्रा लाक फ्रा लाम, म्हणजे लक्ष्मण आधी आणि राम नंतर. इथे राम हा बुद्धाचा पूर्वजन्म आणि कथा घडते मेकाँगच्या खोऱ्यात. नाच संथ, बोटे उलटी वळवून. मारुती आला तेव्हा नाशिकच्या काकांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या.

रविवार, १९ जानेवारी, परतीचे विमान

आपल्याकडून थायलंडला जाणाऱ्या बहुतेक टूर बँकॉक-पट्टाया-फुकेत एवढ्याच असतात. त्या मंडळींना माझे सांगणे आहे की चार दिवस वाढवा आणि नदी ओलांडा. बँकॉकमध्ये जी मूर्ती दिसते तिची अर्धी हकिकत व्हिएन्तियानमध्ये आहे. पैसे भरण्यापूर्वी टूर कंपनीला तीन गोष्टी विचारा. लाओसमध्ये लाओ गाइड असणार का? कोप केंद्राला किती वेळ दिला आहे? तक बातच्या वेळी ग्रुप कुठे उभा करणार? शेवटच्या प्रश्नाला "अगदी जवळून फोटो मिळतील" असे उत्तर आले, तर दुसरी कंपनी बघा.