कुंपणाच्या आतील आकाशवाणी

आमच्या दवनीवाड्याच्या घरात आजमितीस सहा रेडिओ चालू स्थितीत आहेत, आणि त्यांतील एकही मी विकत घेतलेला नाही. तीस वर्षे रेडिओ-दुरुस्तीचा व्यवसाय केलेल्या माणसाकडे, दुरुस्तीस टाकून धनी पुन्हा कधी न फिरकल्यामुळे, बेवारस मालमत्तेसारखे जे संच साचत जातात, त्यांतलेच ते होत. एक सपरीत खुंटीला, एक चुलीजवळच्या फडताळात, एक धानाच्या ढोलीवर, एक गोठ्यात, एक आईच्या उशाशी, आणि सहावा, ज्याचे झाकण केव्हाच हरवले, तो सांदवाडीत वालाच्या मांडवाखाली. सातवा मर्फीचा जुना व्हॉल्व्ह-सेट आहे, रूपाने सर्वांत देखणा. परंतु त्यास एफएमचा पट्टाच नसल्यामुळे या लेखाच्या विषयात तो मुका राहणार.

विषय असा की, हे सहाही रेडिओ दिवसातून काही तास एकाच वेळी एकच गोष्ट बोलतात, आणि ती कोणत्याही सरकारी वा खाजगी केंद्राकडून येत नसून आमच्याच माजघरातल्या कोनाड्यातून, आगपेटीहून थोड्या मोठ्या अशा एका ट्रान्समीटरमधून येते. निमित्त आईचे झाले. वय नव्वदीकडे झुकलेले, दृष्टी जवळजवळ गेलेली, पण पायांना घराचा इंच न् इंच पाठ. सकाळी सपरीतून चुलीकडे, चुलीकडून गोठ्याकडे, तेथून सांदवाडीत, असा तिचा फेरा ठरलेला, आणि त्या फेऱ्यात कीर्तनाचा धागा कोठेही तुटू नये एवढीच तिची मागणी. मोबाइल हाती द्यावा तर लुगड्याला खिसा नाही, आणि काचेवर बोट फिरवण्याच्या विद्येविषयी तिचे मत येथे लिहिण्याजोगे नाही. नातवाने दोन ब्लूटूथ स्पीकर आणले. पण त्या तंत्रात ध्वनीचे आकड्यांत रूपांतर होऊन तो पुन्हा ध्वनी होईपर्यंत सेकंदाचा दहावा-पाचवा भाग सहज जातो, आणि दोन यंत्रांची ही दिरंगाई सारखी नसल्यामुळे, सपरी आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारात उभे राहिले की एकच बुवा स्वतःच्याच मागून धावताना ऐकू येत. जुन्या धाटणीच्या एफएममध्ये हा दोष संभवतच नाही. ध्वनी लहरीवर स्वार होतो तो जसाच्या तसा, आणि लहर प्रकाशाच्या वेगाने जात असल्यामुळे गोठ्यातल्या व उशाशी असलेल्या रेडिओतले अंतर तिच्या लेखी शून्य होय. ज्या विद्येला लोक कालबाह्य म्हणतात, तिने येथे नव्या विद्येवर निर्विवाद मात केली, याचा मला व्यावसायिक आनंद झाला हे कबूल करतो.

या विद्येचा जनक एडविन आर्मस्ट्राँग. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्यास तिची पेटंटे मिळाली. लहरीची उंची कमीजास्त न करता तिची कंप्रता ध्वनीबरोबर किंचित इकडेतिकडे हलवावी, ही त्याची युक्ती. विजेचा कडकडाट काय किंवा मोटारपंपाची ठिणगी काय, यांचा उपद्रव मुख्यतः लहरीच्या उंचीस बाधतो, त्यामुळे एफएमचा आवाज स्वच्छ राहतो. दुसरा गुण याहून विलक्षण. एकाच कंप्रतेवर दोन केंद्रे आली तर मध्यम लहरीवर दोन्हींची खिचडी ऐकू येते. एफएमवर मात्र जे बलवान तेच ऐकू येते आणि दुर्बल जवळजवळ नाहीसे होते. म्हणून घराच्या आत, हाताच्या अंतरावर, अत्यल्प शक्तीचे यंत्रही राजासारखे वागते. आणि म्हणूनच ते शेजाऱ्याच्या घरी जाऊन पोहोचले तर तेथेही राजासारखेच वागू पाहते, ही त्यातली गोम आहे.

ती गोम मी तारुण्यात फार महाग किमतीने शिकलो. साल १९९४ किंवा ९५. एक बीएफ १९४ ट्रान्झिस्टर, पेन्सिलीवर गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे पाच वेढे, एक ट्रिमर, एक कंडेन्सर माइक आणि नऊ व्होल्टची बॅटरी, एवढ्या सामग्रीवर मी ट्रान्समीटर बांधला, आणि त्या वयास शोभेल अशा अविचाराने बारा फूट तार त्यास जोडून ती अंगणातल्या कडुलिंबावर चढवली. संध्याकाळी गाणी वाजवून झाल्यावर कॅसेट बंद केली. यंत्र बंद करावयाचे राहिले. त्याच रात्री माझे वडील आणि काका ओसरीत बसून शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या हद्दीच्या, वादाची मसलत करीत होते: मोजणीचा अर्ज कधी द्यावा, तलाठ्याच्या दप्तरातून कोणता उतारा काढावा, प्रतिपक्षास कशाचा सुगावा लागू द्यावयाचा नाही. प्रतिपक्षाच्या घरी नुकताच एफएमचा टू-इन-वन आला होता. पुढचे सांगत नाही. एवढेच की कडुलिंबावरची तार वडिलांनी स्वहस्ते उतरवली, आणि मोजणीच्या दिवशी प्रतिपक्ष आमच्या आधी बांधीत हजर होता.

त्या यंत्राचा दुसराही दुर्गुण होता. त्याची कंप्रता ठरवणारी कोणतीही स्थिर वस्तू त्यात नसल्यामुळे हात जवळ नेला की ती सरके, ऊन वाढले की सरके, बॅटरी उतरू लागली की पुन्हा सरके. आजची यंत्रे स्फटिकाशी बांधलेली असतात. रोम कंपनीची बीएच १४१७ ही चिप घ्या: ७.६ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर ती चालते आणि पट्ट्याच्या दोन टोकांस नेमून दिलेल्या चौदा जागांपैकी एका जागी, पोलादी खुंटीसारखी, खिळून राहते.

कायद्याची कैफियतही येथेच मांडतो, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक ती टाळतात. आपल्याकडे बिनतारी यंत्र बाळगण्यासही परवाना लागे, तो १९३३ च्या कायद्याने. त्याची आणि १८८५ च्या तार कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला, पण प्रक्षेपण ही सरकारच्या मुभेने करावयाची गोष्ट आहे हे तत्त्व कायम राहिले. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ हा पट्टा प्रसारणासाठी राखलेला आहे. म्हणून यंत्र घ्यावे ते दूरसंचार खात्याची मान्यता असलेलेच, आणि त्यास वाढीव तार, वाढीव वीज, काहीही जोडू नये. १९४२ च्या ऑगस्टात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवला, जागा बदलत बदलत सरकारला नोव्हेंबरपर्यंत झुलवले आणि त्यासाठी तुरुंग पत्करला. तो देशकार्याचा हुकूमभंग होता, त्याचा दाखला देऊन कोणी गच्चीवर एरियल उभारू नये. बिहारच्या वैशाली जिल्ह्यातील मन्सूरपूर या गावी राघव महतो नावाच्या तरुण रेडिओ-दुरुस्तकाराने बांबूला एरियल बांधून पंचक्रोशीसाठी एफएम केंद्र चालवले होते. २००६ साली सरकारने परवान्याअभावी ते बंद केले. माझ्याच पेशाचा माणूस तो, म्हणून त्या बातमीने मी हळहळलो. पण कायदा चुकीचा होता असे मला म्हणता येत नाही. गावासाठीच बोलावयाचे असेल तर त्याच वर्षाच्या अखेरीस सामाजिक संस्थांना खुली झालेली सामुदायिक रेडिओची रीतसर वाट आहे. साताऱ्याकडे म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी त्याच वाटेने उभी राहिली.

शक्तीचे प्रमाण डोळ्यांपुढे यावे म्हणून एक हिशेब देतो. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ पासून नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर दहा लाख वॅट शक्तीने बोले. रात्री आमच्या दुकानातल्या उघड्या संचात बोट घातले तरी तिचाच आवाज यावा, असा तिचा दरारा होता. ब्रिटनने डिसेंबर २००६ मध्ये घरगुती एफएम यंत्रांस मोकळीक दिली ती ५० नॅनोवॅटपर्यंत. दोहोंतील अंतर २० लाख कोटी पट होते. आणि तेवढ्या कणभर शक्तीतही, नीट मांडणी केली तर, आमच्या सपरीपासून गोठ्यापर्यंतचा कारभार बिनतक्रार चालतो.

ही मांडणीच खरी कला आहे. प्रथम रिकामी जागा शोधावी, आणि ती एकदाच शोधून भागत नाही. दुपारी मोकळी दिसलेली जागा हिवाळ्याच्या पहाटे, वैनगंगेवर धुके साचून वरच्या उबदार हवेचे झाकण बसले की, कोठल्या कोठल्या दूरच्या केंद्रांनी भरून जाते. नदीपलीकडे बालाघाटचे आकाशवाणी केंद्र आहे. त्याच्या शेजारची जागा मी मुद्दाम सोडून देतो. पट्ट्याचे अगदी वरचे टोकही टाळतो, कारण १०८ मेगाहर्ट्झच्या पुढे विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो, आणि आमच्या जिल्ह्यात बिरसीच्या धावपट्टीवर वैमानिकीचे शिक्षण चालते. शिकाऊ मुलांच्या कानात माझ्या घरचे कीर्तन जावे, असे पुण्य मला नको.

मग घरात यंत्र आणि रेडिओ ठेवावेत कोठे? शंभर मेगाहर्ट्झला लहरीची लांबी तीन मीटर भरते. ती भिंतींवर, आणि विशेषतः पत्र्यांवर आपटून परतते, व येणारी आणि परतणारी मिळून घरात कोठे उंचवटे तर कोठे खळगे पडतात. म्हणून कवेलूच्या घरात जे यंत्र उत्तम चालते ते पत्र्याच्या घरात खोडी काढते. गोठ्यातला रेडिओ आठवडाभर खरखरत होता. त्यास खुंटीवरून काढून हातभर डावीकडे टांगले आणि तो निवळला. रेडिओ दुरुस्तीस आणणाऱ्यांपैकी कित्येकांचे काम एवढेच असते, हे गुपित मी व्यवसायात असताना फोडले नाही.

स्टिरिओचा मोह टाळावा. स्टिरिओसाठी सिग्नल कितीतरी पट बलवान लागतो, आणि एका कर्ण्याच्या रेडिओत त्याचा उपयोग कोणता? परदेशी यंत्र पुष्कळदा अमेरिकेच्या ७५ मायक्रोसेकंदांच्या मापाने उंच स्वर चढवून पाठवते, आपले रेडिओ ५० च्या मापाने ते उतरवतात. त्यामुळे टाळ कर्कश आणि ‘स’ शिट्टीसारखा ऐकू येतो. यंत्रास जोडलेल्या मोबाइलचा आवाज पूर्ण चढवला तर स्वर फाटतो, दोनतृतीयांश पुरे. आणि स्वस्त चार्जरवर यंत्र चालवले की कीर्तनामागे एक अखंड गुंजन बसते, तंबोऱ्याचे म्हणून खपवता येणार नाही असे. त्यावर मी पॉवर बँक लावून पाहिली; पण यंत्र इतकी थोडी वीज खाते की पॉवर बँकेस कोणी जोडलेलेच नाही असे वाटून ती अर्ध्या मिनिटात निजे. शेवटी तीन साधे सेल एका डबीत बसवले.

एरियल? मुळीच नाही, यंत्रासोबत आलेली वीतभर तार तेवढी. सर्व ठाकठीक झाल्यावर मी हाती रेडिओ घेऊन रात्रीच्या शांततेत घराभोवती फेरी मारली, आणि आवाज रस्त्यावर पोहोचतो असे आढळताच यंत्र कोनाड्यात आणखी आत, जाड मातीच्या भिंतीला टेकवून ठेवले. नातवास हे उफराटे वाटले. आवाज दूर जावा म्हणून धडपडणारे लोक त्याने पाहिले आहेत, तो अडवण्यासाठी खपणारा आजोबा प्रथमच पाहिला. त्यास धुऱ्याची हकीकत सांगितली.

यंदाच्या रोवणीच्या दिवसांत आईने कीर्तनाऐवजी पावसाच्या बातम्या लावावयास सांगितल्या, आणि चार बायका सांदवाडीच्या कुडाला टेकून त्या ऐकून गेल्या. कुडापलीकडे चिंच आहे. चिंचेखाली उभे राहिले तर अजून शब्द कळतात. तिच्यापुढे दहा पावले गेले की नुसती खरखर उरते.