खटखट थांबते तेव्हा

नारपोलीत आमच्या खोलीची मागची भिंत आणि यंत्रमागाच्या कारखान्याची भिंत एकच आहे. हात टेकवला की तळव्याला थरथर जाणवते. मांडणीतले स्टीलचे पेले किणकिणतात म्हणून आई त्यांच्यामध्ये फडक्याचे तुकडे घालून ठेवते. नवा पाहुणा पहिली दहा मिनिटं ओरडून बोलतो आणि मग दमून गप्प बसतो. आम्ही मात्र याच आवाजात शिकलो, भांडलो, झोपलो.

मागच्या पावसाळ्यात माझी झोप उडाली.

मी एका गोडाऊनमध्ये काम करते. भिवंडीच्या आजूबाजूला आता शेतांपेक्षा गोडाऊनं जास्त आहेत. तुम्ही मोबाईलवरून मागवलेली वस्तू कदाचित माझ्या हातून गेली असेल. दुपारी दोन ते रात्री अकरा अशी माझी शिफ्ट. हातात स्कॅनर, समोर टार्गेट. सणांचा सीझन जवळ आला तसं टार्गेट वाढलं. मग रोज रात्री अडीचच्या सुमारास जाग येऊ लागली. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, श्वास वरच्या वर. एका रात्री वाटलं, संपलं आता. दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठीक आहे. टेन्शन कमी करा." कसं करायचं, ते सांगायला त्यांना वेळ नव्हता. बाहेर अजून वीस पेशंट होते.

मग मी तेच केलं जे तुम्हीही केलं असतं. रात्री अडीच वाजता फोन उघडला. एक मुलगी झऱ्याकाठी बसून सांगत होती की पहाटे दवात अनवाणी चाला, मेणबत्ती लावा, शांत जागा शोधा. आमच्या दारातून अनवाणी निघालं तर पहिल्यांदा ट्रकचं ऑइल लागतं. आणि शांत जागा? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. धोट्याचे माग चालू असलेल्या कारखान्यात आवाज 90 च्या वर जातो. आमच्यात आणि त्या आवाजात फक्त नऊ इंचांची एक भिंत.

मी बाबांना म्हटलं, "आपण कल्याणला खोली बघू या. इथे मला वेड लागेल."

बाबा त्याच कारखान्यात जॉबर आहेत. एकतीस वर्षं माग दुरुस्त करतायत. त्यांना आता उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. मी तेच वाक्य मोठ्याने पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, "आवाज चालू आहे ना पोरी, म्हणजे सगळं ठीक आहे."

मला राग आला. ज्या आवाजाने त्यांचा कान खाल्ला, त्याचीच बाजू घेतायत! पण त्या रात्री जागी असताना मला 2020 चा मार्च आठवला. लॉकडाऊन लागला आणि माग थांबले. पेले किणकिणायचे थांबले. आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला पंख्याचा आवाज ऐकू आला. मला ते आवडलं होतं, हे आज सांगताना लाज वाटते. कारण त्याच दिवसांत उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर सामान बांधत होते. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली. आणि बाबा रात्र-रात्र त्या भिंतीला पाठ टेकून बसायचे. मजुरी बंद होती. माझ्यासाठी ती शांतता होती, त्यांच्यासाठी धोक्याची घंटा.

तेव्हा पहिल्यांदा कळलं की ताण आवाजात नसतो. आपण सुरक्षित आहोत का, एवढंच शरीर विचारत असतं. बाबांच्या शरीराला उत्तर खटखटीतून मिळतं. मला माझं उत्तर शोधायचं होतं.

सुरुवात श्वासापासून केली. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीराला ब्रेक लागतो. हे रीलवाल्यांचं संशोधन नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, ते योगाकडे प्रयोगशाळेतून बघायलाच. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनीही लोकांकडून महिनाभर, रोज पाच मिनिटं श्वासाचे व्यायाम करून घेतले. लांब उच्छ्वासावर भर देणाऱ्यांचा मूड सर्वांत जास्त सुधारला.

पण सेकंद मोजताना माझं लक्ष भिंतीकडेच जायचं. एका रात्री कंटाळून मी भिंतीचेच खटके मोजले. सगळे माग एकत्र गोंगाट करतात, पण भिंतीलगतचा पहिला माग वेगळा ऐकू येतो. सेकंदाला साधारण अडीच खटके. आठ खटके श्वास आत, सोळा खटके बाहेर. हिशेब केला तर मिनिटाला सहा श्वास होतात, आणि साधारण हाच वेग संथ श्वसनासाठी चांगला मानतात. ज्या आवाजापासून मला पळायचं होतं, तोच माझा ताल धरून बसला होता. धडधड त्या रात्रीही आली, पण दहा मिनिटांत ओसरली.

दुसरी गोष्ट चहा. गोडाऊनमध्ये दिवसाला पाच कप व्हायचे, शेवटचा रात्री नऊला. कॅफीन शरीरातून अर्धं व्हायलाच पाच-एक तास लागतात. म्हणजे अडीचला मी जागी व्हायचे तेव्हा नऊच्या चहातलं जवळपास निम्मं अजून माझ्यात फिरत होतं. आता शेवटचा कप चारला. पहिला आठवडा डोकं दुखलं, मग सवय झाली.

तिसरी गोष्ट कामतघरचा वऱ्हाळादेवी तलाव. सकाळी आईबरोबर जाते. मिशिगन विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासात निसर्गात वीस-तीस मिनिटं घालवल्यावर कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, लक्षणीय कमी झालेलं दिसलं. आमच्या तलावाला झरा म्हणता येणार नाही. काठावर प्लॅस्टिक आहे, मागे हॉर्न आहेत. पण पाणी आहे, झाडं आहेत आणि फोन पिशवीत आहे.

एवढ्याने सगळं बदललं का? नाही. श्वासाने टार्गेट कमी होत नाही. सीझनमध्ये आम्ही चौघीजणी मिळून सुपरवायझरकडे गेलो आणि जेवणाची सुट्टी पूर्ण अर्धा तास मागून घेतली; त्याचा उपयोग कुठल्याही प्राणायामाइतकाच झाला. आणि मधले दोन आठवडे पुन्हा वाईट गेले तेव्हा मी 14416 वर, टेलि-मानसवर फोन केला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्याही रात्री अशाच जात असतील, तर आधी श्वास मोजा. पण तेवढ्याने भागलं नाही तर फोन करायला माझ्याइतका उशीर करू नका.

बाबांसाठी मी कानात घालायचे प्लग आणले. ते म्हणाले, "मागाचं दुखणं कानानेच कळतं, प्लग घालून कसं कळेल?" बरीच भांडणं झाली. आता डाव्या कानात घालतात, तोही दुरुस्ती नसेल तेव्हाच. सेठ म्हणतायत की जुने माग भंगारात काढून गाळा गोडाऊनला द्यावा. बाबा त्यावर काही बोलत नाहीत. पण हल्ली तेही रात्री उठून बसतात.

आमच्याकडे मागांना सुट्टी शुक्रवारी असते. त्या दिवशी बाबा घरात नुसते येरझाऱ्या घालतात. गेल्या शुक्रवारी मी त्यांनाही तलावावर नेलं. बाकावर बसवलं आणि म्हटलं, "बाबा, आठ खटके आत, सोळा बाहेर."

"माग तर बंद आहे," ते म्हणाले.

मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि बाकाच्या लाकडावर बोटाने ठोकायला लागले. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने माझा हात धरून थांबवला.

"हळू वाजवतेस," म्हणाले. "असा चालला तर सूत तुटेल."

आणि मग स्वतःच ठोकायला लागले.