घराला नंबर नाही

मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर, २००९ साली देशातील पोलीस ठाणी संगणकाने जोडण्याची योजना मंजूर झाली. पुढे पोलिसांच्या अशाच एका कामाची जबाबदारी माझ्यावर आली. घाटकोपरच्या एका ठाण्यात बैठक बसली: कोणते रकाने सक्तीचे ठेवायचे? ‘घर क्रमांक’ म्हणताच जुने ठाणे अंमलदार हसले.

“साहेब, टेकडीवरच्या वस्तीत घराला नंबर कुठला? पोर हरवलं म्हणून बाई येते. पत्ता सांगते, टाकीमागं, पिंपळाशेजारी. आमचा हवालदार बरोबर पोचतो. तुमचं यंत्र तिला परत पाठवणार का?”

‘जवळची खूण’ हा रकाना तेव्हा जन्मला. हरवलेल्या मुलाची फिर्याद नोंदवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बजावले आहे. वाचकहो, त्या आईला दारातून परतवण्याची मुभा यंत्रालाही नाही!