झिलई, मुलामा आणि एक पद्मिनी

मराठीत चकाकीसाठी शब्दांची वाण नाही. झिलई, मुलामा, कल्हई, वर्ख, लकाकी, तुकतुकी. समीक्षा लिहिताना यांतला हाताशी येईल तो आपण उचलतो. एखाद्या कवीच्या भाषेला झिलई आहे म्हटले की ती स्तुती होते, मुलामा आहे म्हटले की निंदा, आणि जुन्या विचाराला नवी कल्हई केली म्हटले की उपहास. हे शब्द मुळात कारागिरांचे आहेत आणि ती तीन निरनिराळ्या कामांची नावे आहेत. झिलई म्हणजे धातूचा स्वतःचाच पृष्ठभाग घासून उजळणे. मुलामा म्हणजे एका धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर चढवणे. कल्हई म्हणजे तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कथलाचा लेप देणे. तो शोभेसाठी नसतो, आत ठेवलेले आंबट कळकू नये म्हणून असतो. हा भेद मला नीट उमगला तो चंदगडच्या एका जुन्या मोटारीमुळे.

ही मोटार माझ्या मामांची. प्रीमियर पद्मिनी, १९७६ सालची. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाटला पद्मिनी हे नाव मिळाले ते १९७०च्या दशकात. पुढे काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईची ओळख बनली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून तिथल्या टॅक्सीतळांवरून कायमची गेली. चंदगडात मात्र तिचे काम वेगळे होते. मामा डॉक्टर. इथून कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटर, बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. त्यामुळे अडलेली बाळंतीण असो की सर्पदंश, गाडी पाटणे फाट्यावरून शिनोळीमार्गे बेळगावकडे धावायची. सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा तालुका. पावसाळा सुरू झाला की चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, आणि जांभ्याची तांबडी माती चाकांबरोबर उडून सगळ्या गाडीभर बसते. पुढच्या बंपरच्या उजव्या टोकाला एक मोठा पोचा आहे. तो १९८३च्या पावसाळ्यातला. मध्यरात्री एका बाळंतिणीला नेताना वळणावर गाडी घसरली आणि जांभ्याच्या गडग्यावर आपटली. बाई आणि मूल दोघेही सुखरूप राहिले. पोचा काढायचा राहून गेला.

गेल्या वर्षी मामांच्या नातवाचे लग्न ठरले आणि वरातीला हीच गाडी काढायची असे घरात ठरले. मामेभाऊ कोल्हापुरात राहतो. दसऱ्याला दसरा चौकात सीमोल्लंघनाच्या सोहळ्यासाठी छत्रपती घराण्याची मेबॅक येते, ती तो लहानपणापासून पाहत आला आहे. जुनी गाडी काढायची तर ती तशीच झळकली पाहिजे, असे त्याचे म्हणणे. बंपर उतरवून प्लेटिंगला द्यायचा, पोचा ठोकून काढायचा, नवे क्रोम चढवायचे. मामा चौऱ्याऐंशीचे, काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेलेली. त्यांनी मला एवढेच सांगितले, "पुसायचं ते पूस बाबा. खरवडू नको." निर्णय होईपर्यंत गाडी साफ करण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिली गोष्ट कळली ती ही की, दुरून एकसारख्या चमकणाऱ्या या गाडीवर निदान तीन धातू आहेत. लोहचुंबक लावून पाहिले. बंपरला तो चिकटला, म्हणजे खाली पोलाद. दारांवरून जाणाऱ्या पट्ट्यांना चिकटला नाही, ते ॲल्युमिनियम. दारांच्या मुठींनाही चिकटला नाही, पण त्या जड होत्या आणि त्यांच्यावर बारीक फोड आले होते. ते जस्ताचे ओतकाम, वर क्रोम. एकाच फडक्याने आणि एकाच पावडरीने हे सगळे घासणे म्हणजे अभंग, लावणी आणि बखर एकाच निकषावर तपासण्यासारखे झाले असते.

क्रोमविषयी माझा समज असा होता की तो एक जाड, चमकदार मुलामा असतो आणि खालचे दोष झाकतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. शोभेच्या क्रोमचा थर मायक्रॉनच्या अर्ध्याहूनही कमी जाडीचा असतो. माणसाचा केस त्याच्या शंभरपटीहून जाड. त्याखाली त्याच्या कितीतरी पट जाड निकेल, कधी त्याहीखाली तांबे, आणि मग पोलाद. आपण जी चमक क्रोमची समजतो ती बहुतांशी निकेलची आणि त्याहून खाली आधीच घासून गुळगुळीत केलेल्या पोलादाची असते. क्रोम तिला किंचित निळसर छटा देते, काठिण्य देते आणि निकेल काळवंडू देत नाही. पोलादावर एखादा ओरखडा राहिला असेल तर क्रोम चढल्यावर तो लपत नाही, अधिक ठळक दिसतो. म्हणून प्लेटिंगच्या कामात खरा घाम गळतो तो टाकीत बुडवण्यापूर्वी, बफिंगच्या चाकावर. मुलामा म्हणजे ढोंग हे आपले समीक्षेतले समीकरण इथे लागू पडत नाही. खाली श्रम झाले नसतील तर हा मुलामा लगेच चुगली करतो.

पण हा थर अखंडही नसतो. त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे आणि भेगा असतात. ओल त्यांतून आत शिरते, निकेल पोखरते, पोलादापर्यंत पोहोचते, आणि मग तांबूस ठिपके वर येतात. चंदगडच्या हवेत चाळीस-पन्नास पावसाळे काढलेल्या बंपरवर असे शेकडो ठिपके होते. ते काढण्याची साधी रीत अशी: स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा बोळा करावा, तो पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवावा. हा धातू क्रोमपेक्षा मऊ, म्हणून चरे पडत नाहीत, आणि गंज तपकिरी गाळ होऊन निघून येतो. नंतर धुऊन, कोरडे करून मेण लावायचे, म्हणजे छिद्रांची तोंडे काही काळ बुजतात. ठिपका मात्र खड्डा होऊन राहतो. तो जाईपर्यंत घासू म्हटले तर खड्डा जाण्याआधी भोवतालचे क्रोम जाते.

ॲल्युमिनियमची कथा निराळी. चंदगडच्या पठारांवर जांभ्याबरोबर बॉक्साइट सापडते. ते इथून काढलेही गेले आहे. बॉक्साइटपासून ॲल्युमिना करणारा मोठा कारखाना जवळच बेळगावला आहे. म्हणजे पट्टीवर बसलेला तांबडा चिखल आणि खुद्द पट्टी यांचे गोत्र फार दूरचे नाही. या धातूचा स्वभाव असा की हवा लागताच तो स्वतःवर ऑक्साइडचे अतिशय पातळ कवच धरतो, आणि तेच त्याला वाचवते. माणिक आणि नीलम हे याच ऑक्साइडचे स्फटिक. मोटारीच्या पट्ट्यांवर हे कवच अनेकदा विजेच्या साहाय्याने मुद्दाम हजारपटीने जाड केलेले असते. चुना, धुण्याचा सोडा, राखेतला क्षार यांनी ते विरघळते. तांब्याला उजळणारी चिंचही इथे उपयोगाची नाही. आजीने ज्या राखेने भांडी लख्ख केली तीच राख पट्टीवर वापरली तर चमक मिळते खरी, पण चिलखत उतरवून मिळालेली.

पट्ट्यांचे मूळचे कवच बऱ्याच ठिकाणी गेलेलेच होते, म्हणून तिथे मी पॉलिश वापरले. फडके काळे झाले. दुसरे घेतले, तेही काळे. मळ निघतो आहे या समाधानात माणूस घासत राहतो. पण ॲल्युमिनियमवर फडके कधीच पांढरे येत नाही, कारण काही काळाने त्यावर येणारा काळेपणा मळाचा नसतोच. तो धातूच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. फडके स्वच्छ येईपर्यंत घासायचे असे ठरवले तर शेवटी पट्टीच उरणार नाही. कुठे थांबायचे हे फडके सांगत नाही, ते घासणाऱ्यालाच ठरवावे लागते.

इथे मला ज्ञानेश्वरीच्या पाठाची आठवण झाली. पाठांतरांनी अशुद्ध झालेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६मध्ये (इ.स. १५८४) शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. पुढे १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एक पोथी एकनाथपूर्व म्हणून छापली. तिची भाषा अधिक जुनी असल्याचा त्यांचा दावा होता. नाथांनी मळ काढला हे खरे. पण त्यांच्या फडक्याला धातूही लागला होता का, हा प्रश्न त्यामुळे अभ्यासकांपुढे उभा राहिला. त्याचे उत्तर द्यायचा माझा अधिकार नाही. मात्र संपादन शिकवताना आपण प्रक्षेप कसे ओळखावे हे शिकवतो, आणि कुठे थांबावे हे सहसा विद्यार्थ्यावरच सोडून देतो. नाथांनी जो दंडक पुढच्यांना घातला तो भर घालण्याविरुद्ध होता. खरवडण्याविरुद्धचा दंडक प्रत्येक संपादकाला स्वतःच घालून घ्यावा लागतो.

राहता राहिला प्लेटिंगचा प्रश्न. त्यात जुने थर आम्लात उतरवतात, पोचा ठोकून काढतात, पोलाद घासतात, मग निकेल आणि क्रोम. क्रोमच्या टाकीत पारंपरिकपणे क्रोमिक आम्ल असते. त्याची वाफ वर्षानुवर्षे श्वासात गेली की कामगाराच्या नाकातल्या पडद्याला भोक पडते. या क्रोमियममुळे फुप्फुसाचा कर्करोगही होतो. हे मी मामेभावाला सांगितले. तो म्हणाला, "अरे, मग जगातली प्लेटिंगची दुकानं आपण बंद करणार आहोत का?" त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. मेबॅक झळकते तीही कुणाच्या तरी श्रमानेच.

निर्णय त्या वादातून झाला नाही. एका दुपारी मामा काठी टेकत पडवीतून खाली आले. मी जिथे मेण लावत होतो तिथे त्यांनी हात पुढे केला, बंपरवरून उजवीकडे सरकवत नेला, आणि पोचा लागल्यावर अंगठा त्यात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. चमक आहे की नाही हे त्यांना कळणार नव्हते, पोचा आहे की नाही हे कळत होते. मामेभाऊ शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही. बंपर कोल्हापूरला गेला नाही.

वरात त्याच गाडीतून निघाली. पट्ट्या उजळ होत्या, बंपर जवळून पाहिला तर देवीच्या व्रणांसारखा खड्ड्याखड्ड्यांचा. बंपर तेवढा बदलायला हवा होता, असे दोघा-तिघांनी बोलून दाखवले, आणि देखणेपणाच्या दृष्टीने ते चूक नव्हते. पट्ट्या वर्षभरात पुन्हा मंद झाल्या आहेत. त्यांचे कवच परत धरले जात आहे असा त्याचा अर्थ. यंदा पाऊस सुरू होण्याआधी मेण लावायला गेलो तेव्हा बंपरवर तीन नवे ठिपके दिसले. ओल्या बोळ्याने दोन निघाले. तिसऱ्याभोवती क्रोमचा पापुद्रा सुटू लागला होता, म्हणून तो तसाच ठेवून वरून मेण लावले.